दुसऱ्या फोटोची खुर्ची

कॉलेजच्या फाटकासमोर ज्याचा फोटो स्टुडिओ होता, त्या माणसाला सगळी पोरं हसूनकाका म्हणत. नाव ऐकून वाटेल, मोठा हसतमुख गृहस्थ असेल. छे! पदवीचा काळा झगा घालून पोरगं कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं आणि त्याच्या ओठाचा कोपरा जरा कुठे हलला, की हा खेकसायचा, "हसू नका!" कुण्या वात्रट तुकडीनं त्या दोन शब्दांना काका जोडला आणि तेच नाव चिकटलं. पुढे त्याच्या बायकोलाही शेजारीण विचारू लागली, "हसूनकाका आहेत का घरात?"

हसू न देण्यामागे त्याचं एक शास्त्र होतं. पदवीचा फोटो हा पहिला फोटो. त्यात हसायचं नाही, कारण अजून काही मिळवलेलं नाही. हसायचं ते दुसऱ्या फोटोत, नोकरी लागल्यावर. म्हणून तो विकायचाही जोडचौकट: एकाच लाकडी फ्रेममध्ये दोन खिडक्या. डावीकडे झगा घातलेलं गंभीर पोरगं, उजवीकडे नुसता तपकिरी पुठ्ठा. पैसे दोन्हीचे आधीच घेतलेले. "खुर्ची मिळाली की या, दुसरा फोटो तयार आहे समजा," असं म्हणून तो चौकट हातात द्यायचा.

दुसऱ्या फोटोसाठी स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्यानं चक्क एक ऑफिस मांडलं होतं. कुठलं खरं ऑफिस आत येऊन फोटो काढू देतं? तेव्हा इथेच टेबल, टेबलावर चार फायली, तार नसलेला टेलिफोन आणि टेबलामागे खुर्ची. बाकी सगळी नाटकाची सामग्री होती, पण खुर्ची मात्र अस्सल. ती हसूनकाकाच्या वडिलांची, अण्णांची.

अण्णा घराण्यातले पहिले पदवीधर. निकाल लागला त्याच महिन्यात सरकारी हिशेब खात्यात चिकटले, ते निवृत्तीपर्यंत तिथेच. त्या एका कागदाच्या जोरावर त्यांनी घर बांधलं, दोन बहिणींची लग्नं केली, आणि म्हातारपणी महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेत ऐटीत राहिले. "पदवी म्हणजे खुर्ची," असं ते म्हणायचे. "ज्याला खुर्ची नाही, त्यानं आयुष्यभर उभं राहायचं." निवृत्त झाले तेव्हा खात्यानं जुनं सामान मोडीत काढलं. अण्णांनी आपली खुर्ची विकत घेऊन घरी आणली आणि रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, संध्याकाळपर्यंत तिच्यात बसू लागले. काम काहीच नाही. नुसतं बसायचं, आणि कुणी हाक मारली तर खुर्ची कुईं करून वळवायची. एके दिवशी जेवायला हाक मारली तर ती वळली नाही. अण्णा कामावरच गेले होते, असं म्हणायला हरकत नाही.

हसूनकाकानंही पदवी घेतली होती. पण तोवर खुर्च्या कमी आणि पदव्या जास्त असं झालेलं. तीन-चार वर्षं अर्ज करून चपला झिजवल्यावर अण्णांनीच आपल्या फंडाची रक्कम मोडून त्याला स्टुडिओ घालून दिला. त्याची स्वतःची जोडचौकट मागच्या खोलीत लावलेली होती. डावीकडे झग्यातला हसूनकाका, उजवीकडे पुठ्ठा. त्यानं एकदा भीतभीत विचारलंही होतं, "अण्णा, तुमची खुर्ची स्टुडिओत नेऊन मी बसून काढू का दुसरा?" अण्णा म्हणाले होते, "आपल्याच दुकानात आपणच बसलो, याला नोकरी म्हणत नाहीत." झालं. त्यानंतर माणसानं आयुष्यभर फोटो उभ्यानं काढले. अण्णा गेल्यावर खुर्ची स्टुडिओच्या मागच्या खोलीत आली, तरी तिच्यात तो कधी टेकला नाही.

पहिली काही वर्षं दुसऱ्या फोटोला रांग लागायची. पोरं पेढ्यासारखी गोड तोंडं करून येत, खुर्चीत बसत आणि हसूनकाका म्हणायचा, "हं, आता हसा!" मग रांग आटली. पुढे पुढे लोक चौकटच न्यायला येईनासे झाले. शेजारचा केकवाला पदवीचा फोटो केकवर छापून द्यायचा, तोच पोरांना जास्त आवडे. निदान पोटात तरी जातो. न नेलेल्या चौकटी हसूनकाकानं मागच्या खोलीच्या भिंतीवर टांगून ठेवल्या. टाकवत नव्हत्या. आपल्याच हातचं पोरगं कचऱ्यात कसं टाकायचं?

या चौकटींचं एक त्याला खटकायचं. उजवीकडचा पुठ्ठा वर्षानुवर्षं विटत होता, ते ठीक, पण तो कडेनं विटायला हवा होता. तो मधेच विटत होता. मधला डाग वर गोल, खाली रुंद. एकाच चौकटीत असता तर त्यानं लक्ष दिलं नसतं. पण भिंतीवरच्या सगळ्या पुठ्ठ्यांवर तो तसाच उमटू लागला होता, डोकं आणि खांदे असल्यासारखा. "ओल असेल," असं तो स्वतःला सांगायचा. भिंतीला हात लावला तर ती कोरडीठाक.

एकदा एक पन्नाशीकडे झुकलेला माणूस जुनी जोडचौकट काखेत मारून आला. डावीकडच्या फोटोवरून हसूनकाकानं त्याला ओळखलं.

"काका, दुसरा फोटो अजून मिळतो ना?"

"मिळतो की! लागली का नोकरी?"

"नाही हो," तो खाली बघत म्हणाला. "मी घरोघरी पाण्याच्या टाक्या धुतो. पण पोरगं कॉलेजात जायला तयार नाही. म्हणतं, तुम्ही जाऊन काय दिवे लावले? त्याला सांगितलंय, पूर्वी मीही ऑफिसात होतो म्हणून. फोटो दाखवतो म्हटलंय."

खोटं काम होतं. पण पैसे आगाऊ घेतलेले होते, आणि खरं म्हणजे हसूनकाकाला त्या माणसाची दया आली. त्यानं आपला कोट त्याला घातला, खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "हसा." तो माणूस इतका सुंदर हसला, की हसूनकाकानं एकाऐवजी चार फोटो घेतले. पण फोटो झाल्यावर तो उठेचना.

"खुर्ची गरम आहे हो काका," तो हळूच म्हणाला. "आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी."

"दिव्यांमुळे," हसूनकाका म्हणाला आणि दिवे विझवले.

त्याचं पोरगं पुढे कॉलेजात गेलं, पदवीधर झालं. त्याचा पहिला फोटोही हसूनकाकानंच काढला. त्याची चौकट अजून भिंतीवर आहे.

आता तुम्ही म्हणाल, इतकं डोळ्यांसमोर दिसत असताना या गृहस्थानं आपल्या एकुलत्या एक लेकीला तरी दुसऱ्या वाटेनं घातलं असेल. कसलं काय! अण्णांचं बोलणं त्याच्या हाडीमासी भिनलेलं. लेकीनं एक पदवी घेतली, तर हा म्हणाला, एकीला कोण विचारतो आता. दुसरीसाठी त्यानं राहतं घर, म्हणजे अण्णांचंच घर, बँकेकडे गहाण ठेवलं. बायको म्हणाली, "अहो, नाही लागली नोकरी तर?" तो म्हणाला, "आपल्या घरात नोकरी एक पिढी सोडून येते. अण्णांना लागली, मला नाही, आता तिला लागणारच." हे काय मधुमेहासारखं असतं का? पण तो अगदी मनापासून बोलला होता.

आणि लागली की खरंच! लेक एका संध्याकाळी उड्या मारत आली. मोठी कंपनी, काचेची इमारत, गळ्यात अडकवायचं कार्ड. हसूनकाकानं दुसऱ्या दिवसापासूनच मागची खोली झाडायला घेतली. टेबलाला पॉलिश केलं, टेलिफोन पुसला, दिवे लावून ठेवले. लेक आज येते, उद्या येते म्हणत आठवडाभरानं आली. खुर्चीत बसली. हसूनकाकाच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याला भिंगातून नीट दिसेना. "आता हस गं माझे आई," तो म्हणाला.

ती हसली नाही.

फोटो छापून हातात आल्यावर त्याच्या हे लक्षात आलं. त्याला चुटपुट लागली, पण मग त्यानंच त्याचं कारण शोधून काढलं: मोठ्या कंपनीत गंभीर राहायची सवय लावत असतील. चौकट त्यानं घरी दर्शनी भिंतीवर लावली. दोन्ही खिडक्या भरलेली अशी चौकट त्या घरात पहिलीच.

लेक रोज सकाळी डबा घेऊन, कार्ड गळ्यात घालून बाहेर पडू लागली. पगार कर्जाच्या हप्त्यात जातो म्हणाली. लेकीच्या पगारावर नजर ठेवू नये, म्हणून त्यानं पुढे विचारलं नाही. स्वतःचे गुडघे कुरकुरत होते, गिऱ्हाईक नव्हतं. स्टुडिओ तो दुपारीच उघडायचा. केकवाला बरेच दिवस मागे लागला होता, मधली भिंत पाडून दुकान मोठं करतो म्हणून. हसूनकाकानं अखेर त्याला शब्द दिला. लेक कमावती झाली, आता आपण कशाला उभं राहायचं? महिनाअखेर किल्ली द्यायची ठरली.

आणि नेमकी तेव्हाच ती खुर्ची त्याच्या नजरेत भरली.

दुपारी येऊन सामान आवरताना त्यानं ती सरकवायला हात लावला, तर गादी गरम. दिवे कालपासून बंद. खिडकीला जाड पडदा, ऊन यायचं नाव नाही. त्यानं हात उलटा करून पुन्हा लावून पाहिला. माणसाच्या अंगासारखी ऊब होती. दुसऱ्या दिवशीही तेच. मग आणखी गोष्टी दिसू लागल्या. पंखा बंद असूनही त्याची पाती संथ फिरत असायची, नुकतीच थांबायला निघाल्यासारखी. दिव्यांजवळचं स्टूल जागचं हललेलं. मोरीत ओला कप. आणि भिंतीवरच्या पुठ्ठ्यांतले ते डोकं-खांदे आता इतके ठळक, की सामान बांधताना तो भिंतीकडे पाठ करेना.

त्यानं बायकोला सांगितलं. "अगं, अण्णा येतात स्टुडिओत. कामावर बसतात."

बायको कपडे वाळत घालत होती. "येऊ देत की. मात्र पगारही घरी पाठवा म्हणावं," ती म्हणाली.

चेष्टाच ती. पण हसूनकाकाला हसू येईना. स्टुडिओ विकतोय म्हणून अण्णा चिडले असतील का? त्यांच्याच फंडातून झालेला तो. त्याला खरोखर भीती वाटत होती, आणि लाजही. मेल्यावरसुद्धा बापाला कामाला जुंपलं आपण, असं त्याच्या मनात यायचं.

महिना संपत आला. भिंतीचं माप घ्यायला केकवाला सुताराला सकाळीच घेऊन येणार होता, म्हणून हसूनकाका त्या दिवशी दुपारऐवजी सकाळी निघाला. पुढचं शटर जड, म्हणून मागच्या बोळातून दाराशी आला. कुलूप निघालेलं होतं.

आत पंखा चालू होता. बोटांनी भराभर काही बडवल्याचा बारीक आवाज येत होता. आणि मग त्याला ओळखीचं काही ऐकू आलं. कुईं. खुर्ची वळली होती. वर्षानुवर्षं घरात ऐकलेला आवाज तो, चुकणार कसा? आत जायचा धीर होईना, पळायची सोय नाही. अशा वेळी माणूस आपल्या माणसाला हाक मारतो. त्यानं मोबाइल काढला आणि लेकीला फोन लावला.

दाराच्या आत फोन वाजला.

"हं बोला बाबा," लेक म्हणाली. एका कानाशी फोनमधून म्हणाली आणि दुसऱ्या कानाशी दारामागून. "ऑफिसातच आहे. मीटिंग सुरू होतेय. काही काम होतं का?"

हसूनकाका दारासमोर उभा होता. दोन्ही कानांत आपल्याच लेकीचा आवाज, आणि त्याला वाटलं, यापेक्षा आत भूत असतं तर बरं झालं असतं.

"नाही," तो अगदी हळू म्हणाला. "डबा खाल्लास का?"

"बाबा, आत्ता तर आले मी!"

"बरं. वेळेवर खा."

फोन बंद करून तो तिथेच पायरीवर बसला. आयुष्यभर या माणसानं त्या खोलीत नोकऱ्या बनवल्या. टेबल कुठून आणलं, टेलिफोनची तार कुणी कापली, टाक्या धुणाऱ्याला कोट कुणाचा घातला, सगळं याला ठाऊक. आणि लेकीचा फोटो मात्र खरा मानून याच्याइतक्या भाबडेपणानं भिंतीवर कुणी लावला नसेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. राग यायला हवा होता. आला नाही. लेक हसली नाही त्या दिवशी आपण दिवे लावून बसलो होतो हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दार ढकललं तेव्हा लेक दचकून उठली. गळ्यात ते कार्ड होतं. ते स्टुडिओच्याच यंत्रावर छापलेलं, हे त्याला आता कडा बघून कळलं.

"बाबा..."

"कधीपासून?"

"लागली होती बाबा, खरंच लागली होती," ती रडायला लागली. "नंतर कळवलं, की ती जागाच रद्द केली. तुम्हाला सांगायलाच आले होते त्या दिवशी. पण तुम्ही दिवे लावून बसला होता."

"आणि हप्ते?"

"रोज संध्याकाळी मी ओव्हरटाइम म्हणायचे ना, तेव्हा मुलांच्या शिकवण्या घेते. आतापर्यंत भागलं. मागचा राहिलाय. इथे बसून अर्ज करते, तुमच्या यायच्या वेळी निघून जाते. बाबा, तुम्ही हे विकलंत की मी सकाळी कुठे जाणार?"

हसूनकाकानं तिला जवळ घेतलं. मग तो डोळे पुसत, अगदी हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "वेडे, आणि मी इकडे घाबरून अर्धा झालो! मला वाटायचं, अण्णा येतात. पंखा फिरायचा, कप ओला असायचा..."

"पंखा माझाच. चहापण मीच करायचे."

"आणि खुर्ची रोज गरम! आत्तासुद्धा कुईं वाजली, तर माझा जीव गेला. तू बसली होतीस होय!"

लेक त्याच्यापासून जराशी मागे सरली. तिचं रडणं थांबलं होतं.

"मी त्या खुर्चीत बसत नाही बाबा," ती म्हणाली. "फोटोच्या दिवशी बसले तेवढीच. मी स्टुलावर बसते." दिव्यांजवळच्या स्टुलावर तिचा लॅपटॉप उघडा होता, शेजारी डबा. "मी येते तेव्हाच ती गरम असते. मला वाटायचं, तुम्ही पहाटे येऊन बसून जाता. तुम्हाला सगळं कळलंय आणि बोलत नाही आहात, असं वाटायचं."

दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं. खुर्ची टेबलामागे होती, दाराकडे किंचित वळलेली. कुणी आत आलं की अण्णा वळवायचे तशी.

तेवढ्यात बोळातून बोलणं ऐकू आलं आणि केकवाला सुताराला घेऊन आत शिरला. "काका, लवकर आलात! वा, ताईसाहेबही आहेत. आज ऑफिसला सुट्टी वाटतं? चला, माप घेऊन टाकू. ही भिंत अशी काढायची," असं म्हणत त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात टाकला आणि ती बसायला ओढली.

"तिथे नको!" बाप-लेक एकदम ओरडले.

केकवाला अर्धवट वाकलेला तसाच राहिला. "का हो? मोडकी आहे का?"

"स्टुडिओ विकायचा नाही," हसूनकाका म्हणाला.

"अहो, शब्द दिलाय तुम्ही! आणि आता कसली चिंता तुम्हाला? लेक कमावती झाली!"

हसूनकाकानं लेकीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. मग त्यानं खुर्चीकडे पाहिलं. राहतं घर तिचं, हा स्टुडिओ तिचा, लेकीच्या दोन्ही पदव्या तिच्याच जिवावर. तीन पिढ्या शिकल्या, आणि खाल्लं ते सगळं त्या एका खुर्चीचं.

"आमच्या घरात कमावतं माणूस एकच आहे," तो म्हणाला. "आणि ते आत्ता कामावर आहे."

केकवाल्याला काही कळलं नाही. तो तोंड उघडून काहीतरी बोलणार होता, पण खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला आपला हात त्यानं झटकन काढून घेतला.